ग्रामसभेत बोलून उपयोग काय?

प्रश्न : कलघटगी तालुक्यातल्या आमच्या गावात ग्रामसभा होते, पण ऐकतं कोण? सुधारणा सुचवायच्या तरी कुठे?

उत्तर : तिथेच सुचवा, पण लेखी. पंचायत राज कायद्यात सुधारणा सुचवणाऱ्या रमेश कुमार समितीच्या 2014च्या अहवालानंतर कर्नाटकच्या 1993च्या या कायद्यात दुरुस्त्या झाल्या, नावातही ‘ग्राम स्वराज’ आलं. प्रभागसभा (वॉर्डातल्या मतदारांची सभा) आणि ग्रामसभा सहा महिन्यांतून एकदा तरी घ्यावीच लागते. गटार, दिवे, घरकुलं यांच्या मागण्या प्रभागसभेतूनच वर जातात, म्हणून ती चुकवू नका. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर पंचायत विकास अधिकाऱ्यांची (पीडीओ) पोच घ्या. सही करण्याआधी ठराव इतिवृत्तात आला का ते पाहा. कन्नड येत नसेल तर कुणाकडून वाचून घ्या. खुद्द कलघटगीत पट्टण पंचायत आहे, तिथे ग्रामसभा नसते. पुढच्या सभेला शेजारणींनाही सोबत न्या.