लोखंडातील पोकळ्या

गडचिरोली जिल्ह्यातील एटापल्ली तालुक्यात सूरजागडचा डोंगर आहे. तेथील तांबूस, जड दगड म्हणजे हेमॅटाइट हे लोहखनिज. शेजारच्या चंद्रपूर जिल्ह्यात घुग्घुस येथे खनिजापासून ‘स्पंज लोह’ तयार करतात. कठीण लोखंडाला स्पंजाचे नाव का बरे मिळाले?

थोडे गणित करू. हेमॅटाइटमध्ये लोहाच्या दर २ अणूंमागे ऑक्सिजनचे ३ अणू असतात. लोहाचा अणुभार ५६ व ऑक्सिजनचा १६ धरा. म्हणजे १६० ग्रॅम हेमॅटाइटमध्ये ११२ ग्रॅम लोह व ४८ ग्रॅम ऑक्सिजन आहे. हेमॅटाइटची घनता सुमारे ५.३, म्हणून हा खडा सुमारे ३० घन सेंटिमीटर जागा व्यापतो.

हा खडा कोळशाबरोबर फिरत्या भट्टीत सुमारे १००० अंश सेल्सियसपर्यंत तापवतात. कोळशापासून झालेला कार्बन मोनॉक्साइड वायू खनिजातील ऑक्सिजन काढून नेतो. लोखंड वितळायला १५३८ अंश लागतात. त्यामुळे खडा वितळत नाही आणि त्याचा आकारही फारसा बदलत नाही. उरलेल्या ११२ ग्रॅम लोखंडाला मात्र १४ घन सेंटिमीटर जागा पुरते, कारण त्याची घनता ७.९ आहे. म्हणजे निम्म्याहून अधिक खडा पोकळ झाला! या छिद्रांतून हवा व ओल आत शिरली की लोखंड वेगाने गंजते, उष्णता निर्माण होते आणि ढीग पेटूही शकतो. म्हणून स्पंज लोह कोरडे ठेवावे लागते.

विद्युत भट्टीत ते वितळवले की ही छिद्रे नाहीशी होतात. परंतु रस थिजताना नव्या पोकळ्या पडू शकतात. त्याची कारणे दोन.

पहिले कारण वायू. द्रवरूप पोलादात जितका वायू विरघळतो, तितका घनरूपात मावत नाही. थिजताना तो बाहेर पडतो व बुडबुडे अडकतात. रसातील कार्बन व ऑक्सिजन यांच्या संयोगानेही असे बुडबुडे होतात. म्हणून रसात सिलिकॉन किंवा ॲल्युमिनियम टाकतात; ते ऑक्सिजनला बांधून ठेवते.

दुसरे कारण आकुंचन. साच्यातील रस बाहेरून आत थिजत जातो. पोलाद थिजताना आकसते, आणि आत नवा रस न पोहोचल्यास मध्ये पोकळी राहते. यासाठी साच्याला रसाचा जादा साठा जोडतात. त्याला रायझर म्हणतात. आतील पोकळी वरून दिसत नाही, पण भार पडताच भाग तेथे तुटू शकतो. म्हणून महत्त्वाचे भाग क्ष-किरणांनी तपासतात.

करून पाहा : साध्या पाण्याचा बर्फ करा. मध्यभागी दिसणारे पांढुरके बुडबुडे म्हणजे थिजताना बाहेर पडलेली हवा. पाणी उकळून निववून पुन्हा बर्फ करा. बुडबुडे कमी दिसतील. मात्र पाणी थिजताना प्रसरण पावते, म्हणून आकुंचन पाहण्यासाठी शिक्षकांच्या देखरेखीखाली वाटीत मेण वितळवून निवू द्या. मध्ये खळगा पडेल.

सोडवा : मॅग्नेटाइटमध्ये लोहाच्या ३ अणूंमागे ऑक्सिजनचे ४ अणू असतात, घनता ५.२. त्याच्या स्पंज लोहात किती टक्के पोकळी असेल?