ई-पुस्तक : किंमत, प्रकाशनकाल आणि चोरट्या प्रती

पुस्तकाची किंमत म्हणजे कागद, छपाई, बांधणी आणि लेखकाचे मानधन यांची बेरीज, अशी सर्वसाधारण समजूत आहे. ती अपुरी आहे. इंग्रजीतील एखादी नवी कादंबरी प्रथम पक्क्या बांधणीत महाग विकली जाते आणि वर्षभराने तीच कागदी बांधणीत स्वस्त मिळते. परंतु दोहोंच्या निर्मितिखर्चात किमतींइतके अंतर नसते. अंतर असते ते काळाचे. ज्याला पुस्तक तत्काळ हवे असते तो अधिक देतो. ज्याला थांबता येते तो कमी देतो. विसाव्या शतकातील इंग्रजी प्रकाशनव्यवसायाचे अर्थकारण बव्हंशी या पायऱ्यांवर उभे होते. ई-पुस्तकाने त्या पायऱ्या खिळखिळ्या केल्या. त्याची किंमत काय असावी, ते केव्हा प्रसिद्ध करावे आणि त्याच्या चोरट्या प्रती कशा रोखाव्यात, हे तीन प्रश्न वेगवेगळे भासतात. प्रत्यक्षात त्यांपैकी एकाचे उत्तर शोधताना उरलेले दोन आड येतात.

जुना अनुभव

चोरट्या प्रतींचा प्रश्न संगणकाबरोबर जन्माला आलेला नाही. चार्ल्स डिकन्सचे ‘अ ख्रिसमस कॅरल’ डिसेंबर १८४३ मध्ये लंडनमध्ये पाच शिलिंग किमतीला प्रसिद्ध झाले. महिना उलटण्यापूर्वीच एका स्वस्त नियतकालिकाने त्याचे अनधिकृत रूपांतर दोन पेन्सला विकावयास काढले. डिकन्सने न्यायालयात धाव घेतली व तो जिंकलाही. परंतु प्रतिपक्षाने दिवाळे जाहीर केले आणि सुमारे ७०० पौंडांचा खर्च विजयी लेखकालाच सोसावा लागला.

अमेरिकेत तर दाद मागण्याचीही सोय नव्हती. तेथील १७९० च्या कायद्याचे संरक्षण केवळ अमेरिकेचे नागरिक व रहिवासी यांनाच मिळत असे. परदेशी लेखकांना त्याचा लाभ मिळण्यास १८९१ साल उजाडले. तरीही काही अमेरिकन प्रकाशक इंग्रज लेखकांना आपखुशीने पैसे देत. ते कशासाठी? नव्या पुस्तकाचे छापील फर्मे जहाजाने इतरांच्या आधी आपल्या हाती पडावेत, यासाठी. कायद्याचा आधार नसतानाही पुस्तक सर्वांआधी बाजारात आणण्याला मोल होते. प्रकाशनाची वेळ हेच तेथे संरक्षण होते.

स्वस्त आणि तत्काळ

नोव्हेंबर २००७ मध्ये अॅमेझॉन या कंपनीने ‘किंडल’ हे वाचनयंत्र विक्रीस आणले आणि गाजणाऱ्या बहुतेक नव्या पुस्तकांच्या ई-आवृत्तीची किंमत ९.९९ डॉलर ठेवली. समजा, पक्क्या बांधणीच्या पुस्तकावर छापलेली किंमत २६ डॉलर आहे. तत्कालीन रीतीप्रमाणे ई-प्रतीसाठीही विक्रेता प्रकाशकाला सुमारे निम्मी रक्कम, म्हणजे १३ डॉलर देई. याचा अर्थ असा की, प्रत्येक प्रतीमागे तीन डॉलरचा तोटा विक्रेता स्वतः सोसत होता. प्रकाशकाचे तूर्त काहीच बिघडत नव्हते. त्याची भीती पुढची होती. दहा डॉलर हीच नव्या पुस्तकाची रास्त किंमत आहे, अशी वाचकाची एकदा धारणा झाली की पक्क्या बांधणीची आवृत्ती कोण घेणार? आणि तोटा सोसून बाजारपेठ हस्तगत केलेला विक्रेता उद्या प्रकाशकाकडेच कमी किमतीची मागणी करणार नाही कशावरून?

पहिला उपाय सुचला तो वेळेचा. स्टीफन किंग यांची ‘अंडर द डोम’ ही कादंबरी १० नोव्हेंबर २००९ रोजी ३५ डॉलर किमतीला प्रसिद्ध झाली. तिची ई-आवृत्ती मात्र २४ डिसेंबरपर्यंत रोखून धरण्यात आली. इतर काही प्रकाशकांनीही असेच विलंब जाहीर केले. मोडू लागलेली पायरी पुन्हा बांधण्याचा हा प्रयत्न होता.

दुसरा उपाय किमतीचा. २०१० च्या आरंभी अॅपल कंपनीच्या ‘आयपॅड’बरोबर नवी व्यवस्था आली. तीत विक्रेता मालाचा धनी न राहता अडत्या बनला. किंमत प्रकाशकाने ठरवावयाची आणि विक्रेत्याने ३० टक्के अडत घ्यावयाची. नव्या पुस्तकांच्या किमती बहुधा १२.९९ ते १४.९९ डॉलरांपर्यंत चढल्या. येथे एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. १२.९९ डॉलरच्या विक्रीतून प्रकाशकाच्या हाती ९ डॉलर ९ सेंटच येत. पूर्वी १३ येत असत. वाचकाला अधिक मोजावे लागले, प्रकाशकाला कमी मिळाले, आणि तरीही प्रकाशकाने हा व्यवहार आनंदाने पत्करला. कारण त्याला रक्षण करावयाचे होते ते एका प्रतीवरील नफ्याचे नव्हे, तर किंमत ठरविण्याच्या अधिकाराचे.

एप्रिल २०१२ मध्ये अमेरिकेच्या न्यायखात्याने अॅपल व पाच मोठे प्रकाशक यांच्यावर संगनमताने किमती वाढविल्याचा आरोप ठेवला. प्रकाशकांनी तडजोड केली. अॅपल लढली, जुलै २०१३ मध्ये निकाल तिच्या विरुद्ध गेला आणि सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०१६ मध्ये अपील ऐकण्यास नकार दिल्यावर ४५ कोटी डॉलरची तडजोड अमलात आली. न्यायालयाने दोषी ठरविले ते संगनमताला. अडतीच्या पद्धतीला नव्हे. म्हणूनच पुढे मोठ्या प्रकाशकांना वेगवेगळ्या वाटाघाटी करून किंमत ठरविण्याचा अधिकार पुन्हा मिळविता आला.

कुलूप आणि विश्वास

तिसरा उपाय कुलपाचा. म्हणजे ई-पुस्तकाची नक्कल होऊ नये म्हणून त्याच्या धारिकेवर घातलेल्या सांकेतिक बंधनाचा. स्टीफन किंग यांचीच ‘रायडिंग द बुलेट’ ही दीर्घकथा मार्च २००० मध्ये केवळ ई-रूपात, अडीच डॉलरला निघाली. काही विक्रेत्यांनी ती विनामूल्यही दिली. पहिल्या एका दिवसात चार लाखांहून अधिक मागण्या आल्या. आणि काही दिवसांतच कुलूप तोडून तिच्या चोरट्या प्रती फिरू लागल्या. किंमत नाममात्र असली तरी कुलूप तोडणारे निघतातच, हे तेव्हाच स्पष्ट झाले.

त्याच वर्षी जुलैमध्ये किंग यांनी उलट प्रयोग केला. ‘द प्लांट’ ही कादंबरी ते कोणत्याही कुलपाशिवाय हप्त्याहप्त्याने प्रसिद्ध करू लागले. वाचकाने पुस्तक घ्यावे आणि एक डॉलर प्रामाणिकपणे पाठवावा. किमान ७५ टक्के वाचकांनी पैसे दिले तर लेखन पुढे चालू राहील, अशी अट होती. पहिल्या हप्त्याला ती पुरी झाली. चौथ्या हप्त्याची किंमत दोन डॉलर झाली आणि पैसे देणारे निम्म्याहूनही कमी उरले. वर्षअखेरीस सहाव्या हप्त्यानंतर कादंबरी अपुरीच थांबली. निव्वळ विश्वासावरही लेखन चालत नाही, हा या प्रयोगाचा धडा.

मग ई-आवृत्ती काढूच नये काय? हॅरी पॉटर मालिकेचा शेवटचा भाग जुलै २००७ मध्ये निघाला तेव्हा मालिकेतील एकाही पुस्तकाची अधिकृत ई-आवृत्ती नव्हती. प्रकाशनापूर्वी प्रतींवर कडक पहारा होता. तरीही काही दिवस आधीच कोणीतरी पानापानाची छायाचित्रे काढून ती इंटरनेटवर पसरविली. अधिकृत ई-पुस्तके आली ती मार्च २०१२ मध्ये. लेखिकेच्या संकेतस्थळावरून विकलेल्या प्रतींवर जड कुलूप न घालता खरेदीदाराची ओळख पटविणारी खूण ठेवण्यात आली. चोराला अडविण्याच्या नादात प्रामाणिक ग्राहकाची अडचण होऊ नये, हा त्यामागील विचार होता.

ग्रंथालयांचा प्रश्न

विलंबाचे शस्त्र पुढे ग्रंथालयांवरही रोखले गेले. मॅकमिलन या प्रकाशनसंस्थेने १ नोव्हेंबर २०१९ पासून असा नियम केला की, नव्या ई-पुस्तकाची पहिल्या आठ आठवड्यांत एका ग्रंथालयव्यवस्थेला एकच प्रत मिळेल. गाव लहान असो की लाखो सभासदांचे महानगर, प्रत एकच. फुकट वाचावयास मिळाल्याने विक्री घटते, ही प्रकाशकाची तक्रार. सार्वजनिक पैशाने घेतलेले पुस्तक जनतेला वेळेवर मिळाले पाहिजे, हे ग्रंथपालांचे म्हणणे. अनेक ग्रंथालयांनी या प्रकाशनाच्या ई-पुस्तकांची खरेदी थांबविली. मार्च २०२० मध्ये, महामारीने ग्रंथालयांची दारे बंद होत असताना, हा नियम मागे घेण्यात आला.

या साऱ्या अनुभवांतून एक गोष्ट दिसते. वाचकाला थांबावयास लावता येते, पण ते अन्यत्र कोठेही ती वस्तू मिळत नसेल तोवरच. डिकन्सच्या काळी जहाज यावयास आठवडे लागत आणि तेवढा अवधी प्रकाशकाच्या हाती असे. आज चोरटी प्रत काही क्षणांत पोहोचते. म्हणून अधिकृत प्रत मिळावयास जितका उशीर आणि जितकी अडचण, तितके चोराचे काम सोपे. परंतु किंमत केवळ खाली ओढणे हेही उत्तर नव्हे. कारण कथा अपुरी राहिली तर स्वस्त मिळण्यासारखे काही उरतच नाही. लेखकाचे पोट भरेल आणि वाचकाला रास्त वाटेल अशी किंमत, आणि पुस्तक सर्वांच्या हाती वेळेवर पडेल अशी व्यवस्था, यांचा मेळ घालणे हेच प्रकाशकाचे खरे कौशल्य होय.