भरलेल्या दाढेची कड

माझ्या खालच्या दाढेला अगदी हिरडीलगत कीड लागली होती. काचीगुड्यातल्या एका दवाखान्यात दाताच्या रंगाचं कंपोझिट भरून घेतलं. आरशात पाहिलं तर कुठे भरलंय ते ओळखू येईना. वर्षभरात गार पाण्याने कळ जायला लागली, पुढे इराणी चहाचा घोटही सोसेना. दुसऱ्या डॉक्टरांनी एक्स-रे काढला. भरलेलं जसंच्या तसं होतं, कीड त्याच्या खालच्या कडेने आत शिरली होती. रूट कॅनालवाचून सुटका झाली नाही.

कंपोझिट निळ्या प्रकाशाखाली घट्ट होताना साधारण २-३ टक्के आकसतं. दाताच्या वरच्या कठीण थरावर, म्हणजे इनॅमलवर, आम्ल लावलं की बारीक खाचा पडतात आणि त्यांत ते पक्कं रुतून बसतं. ही युक्ती दंतसंशोधक बुओनोकोर यांनी १९५५मध्ये दाखवली. हिरडीपाशी मात्र इनॅमल पातळ होत संपतं, खाली ओलसर डेंटिन लागतं. फट पडते ती बहुधा इथेच.

ही फट तपासायला काढलेले दात प्रयोगशाळेत भरून ५ आणि ५५ अंशांच्या पाण्यात आलटूनपालटून बुडवतात, मग रंगात ठेवून उभे कापतात. रंग झिरपलेला दिसतो तो बहुतेक हिरडीकडच्या कडेने. कोणतं मटेरियल सरस, याचा निकाल चाचणीगणिक बदलतो. म्हणून ‘सगळ्यात भारी मटेरियल’ या शब्दावर मी विसंबत नाही.

ग्लास आयोनोमर हे भरायचं दुसरं मटेरियल दाताच्या कॅल्शियमशी रासायनिक बंध जोडतं, फ्लोराइडही सोडतं. पण चावण्याच्या जोराने लवकर झिजतं. खोल खड्ड्यात काही डॉक्टर खाली ते आणि वर कंपोझिट भरतात.

तेव्हा खुर्चीत बसण्याआधी विचारा: कड इनॅमलवर येणार की हिरडीखाली जाणार? दात लाळेपासून वेगळा ठेवणारा रबर डॅम लावणार का? लाळ लागली तर कंपोझिटची पकड बिघडते, म्हणून मी यावर अडून बसेन. थर पातळ भरणार का? नेहमीच्या कंपोझिटचा थर २ मिलिमीटरच्या आत हवा, एकदम भरायचं असेल तर त्यासाठीचं वेगळं मटेरियल असतं.

बालपण नलगोंड्याकडे गेलं असेल तर तेही आवर्जून सांगा. तिथल्या जास्त फ्लोराइडच्या पाण्याने डागाळलेलं इनॅमल आम्लाला सहज दाद देत नाही, डॉक्टरांना तयारी वेगळी करावी लागते.

भरल्यानंतर थोडे दिवस ठणकलं तर घाबरू नका. पण महिने गेल्यावर नव्याने कळ आली, किंवा फ्लॉस एकाच जागी अडकून तुटू लागला, तर त्याच आठवड्यात दाखवा आणि त्या कडेचा एक्स-रे मागून घ्या.