वादळानंतर पहिले दार कोणाचे?



पावसाळा तोंडावर आला की कोकणातल्या जुन्या घरांत एकच लगबग सुरू होते. घर शाकारायचे, फुटकी कौले बदलायची, वाळवीने पोखरलेला वासा काढून नवा घालायचा, सरपण पडवीत आणून रचायचे. आपल्या घराची ही काळजी योग्यच आहे. उंट बांधावा आणि मग अल्लाहवर भरवसा ठेवावा, ही प्रेषित मुहम्मद (स.) यांची शिकवण आपल्याला ठाऊक आहे. परंतु या लगबगीत एक प्रश्न आपण स्वतःला क्वचितच विचारतो. वादळ येऊन गेले, तर आपल्या घराबाहेर पडून आपण पहिले दार कोणाचे ठोठावणार?

या महिन्याच्या पाठासाठी हाच विषय घेतला आहे. सुरुवात माझ्याच एका चुकीपासून करतो.

३ जून २०२०

त्या दिवशी दुपारी निसर्ग चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेस किनाऱ्यावर धडकले. ताशी शंभर किलोमीटरहून अधिक वेगाच्या वाऱ्याने श्रीवर्धन, म्हसळा, मुरूड, मंडणगड, दापोली या भागांतील नारळी-पोफळीच्या बागा आडव्या केल्या. जांभ्या दगडाच्या भिंती बहुतेक ठिकाणी उभ्या राहिल्या; पण कौले पाचोळ्यासारखी उडाली. रमजान ईद होऊन नऊ दिवस झाले होते. टाळेबंदीमुळे मशिदीत जमात होत नव्हती. वीज गेली, मोबाइलचे मनोरे बंद पडले. मुंबईत आणि आखाती देशांत असलेली मुले गावातल्या आईवडिलांना फोन लावत राहिली आणि कित्येक दिवस पलीकडून आवाज आला नाही.

मी त्या वेळी रायगडच्या दक्षिण भागातील एका लहान गावात इमाम होतो. वारा उतरल्यावर मी मशिदीचे उडालेले पत्रे गोळा करू लागलो. मशिदीची शिडी खांद्यावर घेऊन मागच्या वाटेने दोनदा गेलो, दोनदा आलो. त्या वाटेवर एका वयोवृद्ध खालांचे जुने कौलारू घर होते. दोन्ही मुले परदेशात. खाला एकट्याच राहत. मी त्यांच्या दारावरून चार वेळा गेलो. दार बंद दिसले, म्हणून सारे ठीक असेल असे समजलो.

मगरिबनंतर आठवण झाली आणि धावत गेलो. आत अंधार होता. माजघरावरचे छप्पर अर्धे उघडे पडले होते. खाला घरात नव्हत्या. त्या होत्या शेजारच्या कुणबी काकांच्या ओटीवर, कोरड्या घोंगडीत, हातात चहाचा पेला घेऊन. या दोन घरांमध्ये बांधावरून सहा वर्षे बोलणे नव्हते, हे सारे गाव जाणून होते. मी काकांकडे आश्चर्याने पाहिले, तेव्हा ते एवढेच म्हणाले, "भांडण बांधाचं होतं, इमामसाहेब. छपराचं नव्हतं."

आणि खालांनी मला पाहताच पहिला प्रश्न केला, "मशिदीचं काही नुकसान झालं नाही ना, बेटा?"

त्या रात्री मी इशाच्या नमाजला उभा राहिलो आणि नेहमीच्या सवयीने सूरह अल-माऊन ओठांवर आली. या सूरहमध्ये अल्लाहने अशा नमाजी लोकांविषयी कठोर शब्द वापरले आहेत, जे दाखवण्यासाठी उपासना करतात आणि रोजच्या वापरातील साध्या वस्तूही दुसऱ्याला देत नाहीत. भाष्यकारांनी या वस्तूंची उदाहरणे दिली आहेत: भांडे, बादली, कुऱ्हाड. मला मात्र माझ्या खांद्यावरची शिडी दिसत होती.

शेजारी म्हणजे कोण?

सूरह अन-निसाच्या ३६ व्या आयतीत अल्लाहची उपासना आणि मातापित्यांशी सद्वर्तन यांच्या सोबतीने शेजाऱ्याचा उल्लेख आहे. तोही एकदा नव्हे. नात्याचा शेजारी, परका शेजारी आणि बाजूला असलेला सोबती असे तीन प्रकार तेथे वेगवेगळे सांगितले आहेत. बुखारी व मुस्लिम यांच्या संग्रहांतील प्रसिद्ध हदीसनुसार हजरत जिब्रील (अ.) शेजाऱ्याविषयी इतक्या वेळा ताकीद देत राहिले, की शेजाऱ्याला वारसा हक्कातही वाटा मिळेल असे प्रेषितांना (स.) वाटू लागले.

या शेजारधर्मात धर्माची अट नाही. हजरत अब्दुल्लाह बिन अम्र (रजि.) यांच्या घरी बकरी कापली गेली, तेव्हा आपल्या यहुदी शेजाऱ्याला वाटा पोचला का, हे त्यांनी पुन्हा पुन्हा विचारले आणि कारण म्हणून जिब्रील (अ.) यांची हीच हदीस सांगितली. आमच्या गावात त्या दिवशी या हदीसवर अमल त्या काकांनी केला होता. ती पाठ असलेला मी मागे राहिलो होतो.

विचारपूस ही औपचारिकता नव्हे

कियामतच्या दिवशी अल्लाह माणसाला विचारील की मी आजारी होतो, तू माझ्या भेटीस का आला नाहीस. ही हदीस सहीह मुस्लिममध्ये आहे. जाऊन पाहणे हे स्वतंत्र कर्तव्य आहे, हे यावरून कळते. दुरून अंदाज करणे पुरेसे नाही.

अमेरिकेच्या किनाऱ्यावर येणाऱ्या अशाच वादळांना हरिकेन म्हणतात. ऑगस्ट २००५ मध्ये कतरीना वादळाने न्यू ऑर्लिन्स शहर बुडाले, तेव्हा शोधपथके घरोघर जाऊन दर्शनी भिंतीवर रंगाने मोठी फुली काढत. तिच्या खणांत तारीख, पथकाची खूण आणि आत कोण सापडले याची नोंद असे. त्या शहरातील काही जुन्या लाकडी घरांवर या खुणा पुढे अनेक वर्षे राहिल्या. फुलीचा अर्थ एवढाच होता की या दारापर्यंत कोणीतरी आले होते. आपल्या गल्लीत असे एकही दार राहू नये, जिथवर कोणी आलेच नाही.

वादळग्रस्तांना पाहून हा अमुक पापाचा परिणाम, असा निवाडा करण्याचा अधिकार आपल्याला नाही. वाऱ्याला शिव्या देऊ नयेत, त्यातले भले मागावे आणि त्याच्या अनिष्टापासून अल्लाहचा आश्रय मागावा, असे प्रेषितांनी (स.) शिकवले. भिंत कोसळून तिच्याखाली मरण पावणाऱ्या मोमिनाला त्यांनी शहीदांमध्ये गणले आहे.

जुन्या घरांचे तीन प्रश्न

पहिला प्रश्न बंद घराचा. मालक मुंबईत किंवा कुवेतला आणि छप्पर उडालेले. शेजाऱ्याने आत जावे का? सूरह अन-नूरमध्ये परवानगीवाचून दुसऱ्याच्या घरात जाण्यास मनाई आहे. घरात कोणी नसले तरीही. म्हणून बाहेरून ताडपत्री टाका, फोटो काढून मालकाला कळवा आणि परवानगी घेऊनच दार उघडा. जाताना सोबत एक साक्षीदार न्या. संपर्कच नसेल आणि जीविताचा किंवा मोठ्या नुकसानीचा धोका असेल, तर गरजेपुरतेच पाऊल टाकावे. त्या घरातली प्रत्येक वस्तू आपल्याकडे अमानत आहे. सर्वांत सोपा उपाय म्हणजे मालकाने पावसाळ्यापूर्वीच किल्ली आणि परवानगी एका शेजाऱ्याकडे देऊन ठेवणे.

दुसरा प्रश्न कललेल्या भिंतीचा. हनफी फिकहच्या 'हिदाया' या ग्रंथात यावर स्वतंत्र चर्चा आहे. भिंत रस्त्याकडे किंवा शेजाऱ्याकडे झुकली, मालकाला ती उतरवण्यास सांगितले गेले, पुरेसा अवधी असूनही त्याने दुर्लक्ष केले आणि ती पडून नुकसान झाले, तर भरपाईची जबाबदारी त्याच्यावर येते. तपशिलात इमामांचे मतभेद आहेत. आपल्या कोकणात शाफई मसलक रूढ असल्याने स्थानिक आलिमांना विचारावे. मात्र बोध सर्वांसाठी एकच. धोका दिसला तर शेजाऱ्याला वेळीच सांगा, आणि सांगितले तर राग मानू नका. शेजाऱ्याला आपल्या भिंतीत तुळई टेकवू द्यावी, अडवू नये, अशीही हदीस आहे. इमाम अहमद (रह.) यांनी हे बंधनकारक मानले, तर इतर अनेक फकीहांनी सौजन्याचे कृत्य. वादळानंतर शेजाऱ्याच्या छपराला आपल्या भिंतीचा आधार हवा असेल, तेव्हा ही हदीस आठवावी.

तिसरा प्रश्न सामाईक घराचा. आजोबांचे घर, सात वारस, सातही जण दूर. वाटा सर्वांना हवा असतो, पण वासा बदलायला कोणी येत नाही. अशा घरात बहुधा एखादी विधवा भावजय किंवा म्हातारी आत्या राहते आणि वादळ तिच्या डोक्यावर येते. भावांनो, वारसा हक्क अल्लाहने ठरवून दिला आहे. त्या हक्कासोबत येणारा भार एका अबलेवर टाकून आपण मोकळे होत असू, तर आपल्या वाट्याचा हिशेब पूर्ण झालेला नाही. बहिणींचा वाटा दडपून ठेवलेल्या घराबाबत तर हा हिशेब अधिकच कठीण आहे.

या पावसाळ्यापूर्वी

आज संध्याकाळी कुटुंबासह बसा. आपल्या घराच्या चारी बाजूंची दारे मोजा. कोणत्या दाराआड एकटी व्यक्ती आहे, कोण अंथरुणाला खिळले आहे, कोणाची मुले दूर आहेत, हे लिहून ठेवा. त्या मुलांचे क्रमांक वहीत कागदावर उतरवा. मोबाइल बंद पडला की त्यातले क्रमांकही हाती लागत नाहीत. कोणाकडे शिडी आहे, कोणाकडे करवत, दोर, ताडपत्री, हे ठरवून ठेवा. पंचनाम्यासाठी तलाठी येतील, तेव्हा अक्षर न येणाऱ्या शेजाऱ्याजवळ उभे राहा. आणि ज्याच्याशी बोलणे बंद आहे, त्याला वादळाची वाट न पाहता आधी सलाम करा, नमस्कार करा.

खाला आता या जगात नाहीत. त्यांच्या घरावर नवी कौले चढली आहेत. मशिदीची शिडी मात्र त्या दिवसापासून कुलपात ठेवली जात नाही.

हे अल्लाह, आमच्या घरांचे आणि आमच्या शेजाऱ्यांच्या घरांचे रक्षण कर. बंद दार पाहून पुढे निघून जाणाऱ्यांमध्ये आमची गणना करू नकोस. आमीन.