मुशीत सोनं पडण्याआधी

वडूज

चि. ताई,

तुझं पत्र मिळालं. बी.कॉम. झाल्यावर वाणिज्य कायदा शिकायचा, पण वकिली करायची नाही, हा तुझा बेत तुझ्या आईला पटलेला दिसत नाही. मला पटला. मात्र कोणत्या पदवीने काय करता येतं ते आधी पक्कं समजून घे, नाहीतर दोन वर्षंही जातील आणि तुझ्या बाबांचे, आमच्या दाजींचे, पैसेही.

एलएल.एम.ला एलएल.बी. लागतेच, नुसत्या बी.कॉम.वर तिथे प्रवेश नाही. कोणत्याही शाखेच्या पदवीधराला चालतो तो बेंगळुरूच्या नॅशनल लॉ स्कूलचा एमबीएल, म्हणजे मास्टर ऑफ बिझनेस लॉज. दोन वर्षांचा, दुकान सांभाळून करण्याजोगा. पण त्याने काळा कोट मिळत नाही. वकिलीची सनद हवी असेल तर सीईटी देऊन तीन वर्षांची एलएल.बी., रोजची हजेरी आणि शेवटी बार कौन्सिलची परीक्षा. ती वाट धरलीस तर साताऱ्याला रयतचं इस्माईलसाहेब मुल्ला लॉ कॉलेज आहेच. जाहिरातींतल्या 'ऑनर्स', 'ॲडव्हान्स्ड' असल्या शब्दांना भुलू नकोस. याने सनद मिळते का, एवढं एकच विचार. माझं मत एमबीएलकडे आहे. तुला कोर्टात उभं राहायची हौस नाही, आणि तुझ्या घरच्या धंद्याला ज्या कायद्याची गरज आहे तो कोर्टाची पायरी चढण्याआधीचा आहे.

कोणता, ते सांगतो. खटाव, माण, खानापूर, आटपाडी या दुष्काळी पट्ट्यातली माणसं गलाई, म्हणजे सोनं गाळून शुद्ध करण्याचं काम, करायला देशभर पांगली, तसेच दाजी कोइमतूरला गेले. धंदा सगळा शब्दावर. सराफ जुने दागिने आणून देतो, वजन होतं, चिठ्ठीवर ग्रॅम आणि तारीख पडते, सोनं मुशीत जातं, तेजाबातून शुद्ध होतं आणि लगड परत जाते. आता १८७२चा करार कायदा उघड आणि कलम १४८ वाच. ते सोनं दाजींचं झालेलं नसतं. ठरावीक कामासाठी विश्वासाने हवाली केलेली दुसऱ्याची वस्तू आहे ती. कलम १५१ सांगतं की शहाणा माणूस स्वतःच्या तशाच वस्तूची जेवढी काळजी घेईल तेवढी तिची घ्यायची. तेवढी घेऊनही चोरी झाली तर कलम १५२ दाजींना वाचवतं, पण वेगळा करार केलेला नसेल तरच. 'काय वाटेल ते झालं तरी भरून देईन' असं भिडेखातर लिहून दिलं की ते संरक्षण गेलं.

मला सगळ्यात मोलाची वाटतात ती १५५ ते १५७. घाईच्या दिवसांत दोन सराफांचं सोनं एका मुशीत पडतं. दोघांची संमती असेल तर निघालेल्या मालात ज्याचा त्याचा हिस्सा. संमती नसेल आणि माल वेगळा करता येत नसेल, तर मालकाचं नुकसान गलाईवाल्याने भरायचं. वितळलेलं सोनं वेगळं कसं करणार? एकाचा टंच, म्हणजे कस, कमी, दुसऱ्याचा जास्त, आणि चिठ्ठीवर संमतीचा एक शब्द नाही! अशा वेळी वकील कितीही हुशार असला तरी काय करील?

कलम १७० मात्र आपल्या बाजूचं. ज्या वस्तूवर कसबाचं काम केलं, त्याची मजुरी मिळेपर्यंत ती अडवून धरता येते, उधारीचं ठरलेलं नसेल तर. लगड एकदा हातातून गेली की हा हक्कही जातो आणि उरतो तो फक्त तगादा. आणखी एक बारकावा बघ. सराफाला थांबायला वेळ नाही म्हणून दाजींनी गल्ल्यातली तयार लगड दिली आणि त्याचं जुनं सोनं ठेवून घेतलं, तर ती मजुरी राहिली का? माल मालाच्या बदल्यात गेला. मजुरीवरचा जीएसटी वेगळा, सोन्याच्या विक्रीवरचा वेगळा. तुझं बी.कॉम. उपयोगी पडेल ते इथे. खात्यातली नोंद एक आणि कायद्याचं नातं दुसरं, ही गफलत नुसत्या वकिलाच्याही लक्षात येत नाही आणि नुसत्या हिशेबनिसाच्याही.

चेक न वटल्याबद्दलचं कलम १३८ तुला येतं असं लिहितेस. मग तारखाही पाठ हव्यात. बँकेकडून चेक परत आल्याचं कळल्यापासून ३० दिवसांत नोटीस, ती मिळाल्यावर पैसे द्यायला १५ दिवस, त्यानंतर महिन्याच्या आत फिर्याद. फिर्याद कुठे करायची यावरून २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाच्या दशरथ राठोड निकालाने मोठी पळापळ झाली होती, कारण चेक देणाऱ्याच्या बँकेच्या गावी जावं लागायचं. २०१५च्या दुरुस्तीने ते फिरलं. आपल्या खात्यात चेक भरला असेल तर आपलं खातं ज्या शाखेत, तिथलं कोर्ट. परमुलखात धंदा आणि गावात खातं असलेल्यांना हे ठाऊक हवंच. भागीदारीचं थोडक्यात सांगतो: मेव्हण्या-मेव्हण्यांची फर्म नोंदवलेली नसेल तर करारातल्या येण्यासाठी तिला बाहेरच्यावर दावा लावता येत नाही, १९३२च्या कायद्याचं कलम ६९.

अभ्यास करताना आधी मूळ कलम वाच, मग गाईड. पोलॉक-मुल्लांचा ग्रंथ लायब्ररीत बघ, विकत घेऊ नकोस, फार महाग आहे. (ते मुल्ला मुंबईचे दिनशा. साताऱ्याच्या कॉलेजच्या नावातले वेगळे. मुलं हमखास घोळ घालतात.)

प्रवेशाचा अर्ज भरण्याआधी एक काम कर. दाजींच्या चिठ्ठीपुस्तकातलं कोरं पान घे आणि त्याच्या मागे मजकूर लिही: घट किती धरायची, माल मिसळायला संमती आहे की नाही, मजुरी कधी द्यायची, चोरी झाली तर काय. दाजी म्हणतील, असलं छापलं तर सराफ शेजारच्या दुकानात जाईल. त्यांचं खोटं नाही, म्हणून चार ओळींच्या वर जाऊ नकोस आणि भाषा सराफाला टोचणार नाही अशी ठेव. फोटो व्हॉट्सॲपवर पाठव. रविवारी कोर्टाला सुट्टी असते, तेव्हा बघून देतो.

तुझा मामा