दोन खुलासे

आज आपण एका शब्दापासून सुरुवात करू या. तो शब्द आहे 'खुलासा'. हा शब्द तुम्हांला उर्दूच्या तासाला भेटतो आणि मराठीच्या तासालाही भेटतो. उर्दूच्या प्रश्नपत्रिकेत 'सबक का खुलासा लिखिए' असा प्रश्न आला, की तुम्ही धड्याचा सारांश लिहिता. पण मराठी बोलणाऱ्या मुख्याध्यापकांनी एखाद्या मुलाकडे खुलासा मागितला, तर सारांश देऊन त्याची सुटका होत नाही. शाळेला उशीर का झाला, याचे कारण त्याला सांगावे लागते. शब्द एकच आहे. उर्दूत त्याचा अर्थ सारांश, तर मराठीत स्पष्टीकरण.

मी तुम्हांला एका छंदाविषयी सांगणार आहे. आपल्या वयाच्या मुलामुलींसाठी लिहिलेल्या कथा-कादंबऱ्या वाचायच्या आणि त्यांचे परीक्षण लिहायचे, असा हा छंद. अशा पुस्तकांना मराठीत कुमार साहित्य म्हणतात. परीक्षण म्हणजे तुमच्या ओळखीचा तब्सिरा.

पुष्कळ मुले परीक्षण म्हणून उर्दूतला खुलासा लिहितात. उदाहरणार्थ, हे वाचा : "बनेश फेणे नावाचा एक मुलगा होता. तो फुरसुंगीचा होता. तो पुण्याच्या शाळेत शिकत होता. तो सायकल फार जोरात चालवतो. हे पुस्तक छान आहे. सर्वांनी ते अवश्य वाचावे." या सहा वाक्यांत खोटे असे काही नाही. पण लिहिणारा मुलगा त्यात कुठेच दिसत नाही. भा. रा. भागवत (१९१०–२००१) यांचा हा हडकुळा, चपळ नायक 'फास्टर फेणे' या नावाने महाराष्ट्रातल्या मुलांच्या दोन-तीन पिढ्यांना ठाऊक आहे. तो फुरसुंगीचा आहे, हे पुस्तकातच लिहिले आहे. आम्हांला तुमच्याकडून वेगळे काही ऐकायचे आहे. वाचताना तुमचा श्वास कुठे अडला? प्रत्येक वेळी एका शाळकरी मुलानेच बदमाशांना पकडावे, हे तुम्हांला पटले का? पटले नसेल, तर कोणत्या प्रसंगात पटले नाही? या प्रश्नांची उत्तरे म्हणजे मराठीतला खुलासा.

तुमच्यापैकी कोणी म्हणेल, "मराठी ही आमची दुसरी भाषा. मराठी पुस्तकाविषयी आम्ही काय मत देणार?" ही शंका अगदी स्वाभाविक आहे. पण तुमचे वसमत गाव जरा आठवा. १९४८ पर्यंत ते निजामाच्या हैदराबाद संस्थानात होते. संस्थानाची राजभाषा उर्दू होती आणि माध्यमिक शिक्षणही उर्दूतून मिळत असे. म्हणजे ज्यांच्या घरी मराठी बोलत, त्या मुलांना गणित आणि इतिहास उर्दूतून शिकावा लागे. घरात एक भाषा आणि दप्तरात दुसरी, ही गोष्ट या गावाला नवी नाही. (हा 'दप्तर' शब्दही पाहा. मराठीत ती मुलांची पिशवी, तर उर्दूत दफ्तर म्हणजे कचेरी!)

शिवाय दोन भाषा जाणणाऱ्या वाचकाला कधीकधी असे काही दिसते, जे एकच भाषा जाणणाऱ्याला दिसत नाही. व्यंकटेश माडगूळकर यांची 'बनगरवाडी' ही कादंबरी १९५५ साली प्रसिद्ध झाली. ती मुद्दाम मुलांसाठी लिहिलेली नाही. पण नववी-दहावीच्या विद्यार्थ्याला ती वाचता येते. एक तरुण मास्तर धनगरांच्या लहानशा वस्तीत शिकवायला जातो. शाळेत मुले येत नाहीत, कारण ती मेंढरांमागे रानात गेलेली असतात. पुढे मास्तर गावकऱ्यांच्या मदतीने गावात तालीम उभी करतो.

समजा, तुमच्या वर्गातील एका मुलीने ही कादंबरी वाचली. या ठिकाणी ती नक्कीच गोंधळेल. मास्तर तालीम तर आधीपासूनच देत होता, मग आता नवी तालीम कसली? थोडे पुढे वाचल्यावर तिला समजेल, की मराठीत तालीम म्हणजे कुस्ती आणि व्यायाम यांची जागा. आता या चुकीबद्दल तिने लाजावे का? मुळीच नाही. उलट, ती चूक तिने परीक्षणात लिहावी. कारण त्या चुकीतून तिला एक चांगला प्रश्न सापडला आहे. शाळेत मुले पाठवताना का-कू करणारे गाव कुस्तीच्या तालमीसाठी मात्र एकजुटीने राबते, ते का? मराठी घरात वाढलेला मुलगा कदाचित त्या शब्दावरून सहज पुढे निघून जाईल. ही मुलगी तिथे अडखळली, म्हणून तिला तो प्रश्न दिसला.

आणि मराठी तरी सगळीकडे सारखी कुठे आहे? प्रकाश नारायण संत यांच्या 'वनवास' (१९९४) या पुस्तकातला लंपन बेळगावकडचा. त्याच्या बोलण्यात कानडीचा सूर मिसळलेला आहे. तरीही तो आपल्या मनातले सगळे सांगतो. तुम्हीही आपल्या मराठीत लिहा. ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका मागाहून सुधारता येतात. मत मात्र दुसऱ्या कोणाला सुधारून देता येत नाही.

आता उलट्या दिशेने जाऊ. १८६९ साली डिप्टी नजीर अहमद यांची 'मिरातुल उरूस' प्रसिद्ध झाली. उर्दूतील पहिली कादंबरी म्हणून तिचे नाव घेतात. सरकारने तिला एक हजार रुपयांचे बक्षीसही दिले होते. मला त्या बक्षिसापेक्षा दुसरी गोष्ट मोठी वाटते. आपल्या मुलींना वाचायला योग्य पुस्तके मिळेनात, म्हणून नजीर अहमद यांनी ही कथा लिहायला घेतली. म्हणजे तिच्या पहिल्या वाचक घरातल्याच मुली होत्या.

तुमच्या गल्लीत राहणाऱ्या मराठी शाळेतल्या मुलांना उर्दू लिपी वाचता येत नाही. अकबरी आणि असगरी या बहिणींची ही गोष्ट त्यांना वसमतमध्ये कोण सांगणार? ते काम तुमच्यासारख्यांनाच करता येईल. त्यांच्यासाठी मराठीत परीक्षण लिहायचे झाले, तर ते असे लिहिता येईल :

"या कादंबरीत दिल्लीच्या दोन बहिणी आहेत. थोरली अकबरी लाडावलेली आहे आणि धाकटी असगरी शहाणी आहे. हज करून आले आहे असे सांगणारी एक बाई अकबरीला गोड बोलून फसवते आणि तिचे दागिने घेऊन पसार होते. असगरी मात्र घरातल्या लबाड मोलकरणीचे कारस्थान उघडे पाडते आणि पुढे मुलींना शिकवू लागते. लेखकाला असगरी प्रिय आहे. मला तिच्याबद्दल आदर वाटला. पण तिची कधी चूकच होत नाही, म्हणून थोडा कंटाळाही आला. अकबरी रुसते, भांडते, तिला घरकाम येत नाही. पण तिचे लाड कोणी केले? मोठ्यांनीच ना? मग सगळा दोष तिच्या एकटीच्या पदरात का?"

लेखक थोर आहे, पुस्तक दीडशे वर्षांहून जुने आहे. तरी इथे वाचकाने आपले मत झाकून ठेवलेले नाही. मात्र नुसते 'आवडले नाही' असे म्हणून तो थांबलाही नाही. का आवडले नाही, हे त्याने पुस्तकातल्या प्रसंगांवरून दाखवले. गोष्ट सांगितली, पण लागेल तेवढीच.

हा छंद एकट्यापेक्षा चारजणांत अधिक रंगतो. जानेवारी २०२१ मध्ये औरंगाबाद शहरात (आताचे छत्रपती संभाजीनगर) मरियम मिर्झा या शाळकरी मुलीने वडिलांच्या मदतीने मोहल्ल्यातील मुलांसाठी ग्रंथालय सुरू केले. ते करोनाचे दिवस होते. सुरुवात सुमारे तीनशे पुस्तकांनी झाली आणि पुढे शहरातल्या इतर वस्त्यांतही अशी ग्रंथालये निघाली. अशा ठिकाणी एक मुलगा पुस्तक परत करतो, तेव्हा दुसरा त्याला हटकून विचारतो, "कैसी है?"

तुमच्या वर्गात पुस्तकांचे एखादे कपाट असेल, तर त्यातल्या प्रत्येक पुस्तकात एक कोरा कागद ठेवा. वाचून झाल्यावर त्यावर पाच-सहा ओळी लिहा आणि खाली जागा मोकळी सोडा. शेवट मात्र फोडू नका. अकबरीची बाजू घेऊन तुम्ही लिहिलेत, तर त्याच कागदावर तुमच्या ओळींखाली असगरीच्या बाजूनेही कोणीतरी लिहील. त्याला लिहू द्या.