खुरपे, कोयता आणि सम्यक् स्मृती

वसई-विरारच्या पट्ट्यात बाग केवळ शोभेसाठी नसते. केळी, पानवेल, सोनचाफा, मोगरा आणि भाजीपाला यांवर येथील कित्येक कुटुंबांच्या पिढ्या जगल्या. साहजिकच श्रमदानाचा तास असो वा सुट्टीतील घरची वाडी, आपल्या मुलांच्या हाती खुरपे आणि कोयता लवकर येतो. या कष्टांचे आपण कौतुक करतो. त्यांतील जखमांविषयी मात्र क्वचितच बोलतो आणि थोडक्यात टळलेल्या जखमांविषयी तर मुळीच बोलत नाही.

हर्बर्ट हाइनरिख या अमेरिकी विमातज्ज्ञाने १९३१ साली असे मांडले की एका गंभीर अपघातामागे २९ किरकोळ दुखापती आणि इजा न झालेले ३०० प्रसंग असतात. या आकड्यांवर पुढे बरीच टीका झाली आणि ती योग्यच आहे. प्रत्येक कामाला एकच प्रमाण कसे लागू पडेल? तथापि टळलेला अपघात ही फुकट मिळालेली सूचना असते, हा त्यातील गाभा आम्हांला मोलाचा वाटतो.

कुदळीचेच पाहा. वैशाखाच्या उन्हात लाकडी दांडा आक्रसतो आणि पाते सैल होते. अनेक जण ती रात्रभर पाण्यात बुडवून ठेवतात. दांडा फुगतो, पाते घट्ट बसते. पण वाळल्यावर ते पुन्हा हलू लागते, आणि उगारलेल्या कुदळीचे पाते निसटले तर ते मागच्या मुलाच्या दिशेने जाते. पाचर ठोकणे हाच खरा उपाय. बोथट कोयता मुलांना देणे सुरक्षित, हाही गैरसमज होय. बोथट पात्याला अधिक जोर लावावा लागतो, आणि केळीच्या चिकाने बुळबुळीत झालेल्या मुठीवर तो जोर हाताला दगा देतो. दंताळे दाते वर करून टाकले की त्यावर पाय पडतो आणि दांडा तोंडावर येतो. यंत्राने गवत कापताना पात्याखालचा खडा गोळीसारखा उडतो. म्हणून इतरांनी किमान १५ मीटर दूर राहावे व चालवणाऱ्याने चष्मा लावावा. लोखंडी नळीचा झेला किंवा अॅल्युमिनियमची शिडी विजेच्या तारेजवळ नेऊच नये.

जखम झालीच तर स्वच्छ कापडाने सलग दाब द्यावा. हळद, माती किंवा राख भरू नये. बोट तुटल्यास ते ओलसर स्वच्छ कापडात गुंडाळून पिशवीत बंद करावे आणि ती पिशवी बर्फाच्या पाण्यात ठेवावी. बोट थेट बर्फावर ठेवू नये. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका मागवावी. धनुर्वात गंजामुळे होतो असे सर्रास म्हटले जाते; वास्तविक त्याचे जंतू मातीत असतात, त्यामुळे चकचकीत खुरप्याची जखमही तितकीच धोक्याची. मुलांना १० व्या आणि १६ व्या वर्षी धनुर्वात-घटसर्पाची लस मिळाली आहे ना, हे पालकांनी पाहावे. जुलै २०१८ सारखे पाणी साचले असता उघडी जखम घेऊन त्यात उतरणे म्हणजे लेप्टोस्पायरोसिसला वाट करून देणे.

परंतु खरा अडसर वेगळाच आहे. बोलणी बसतील या भीतीने मूल जखम लपवते. येथे आपल्या परंपरेकडे पाहणे आम्हांला आवश्यक वाटते. सोपारा आणि भुईगाव येथे ज्या सम्राट अशोकाच्या शिलालेखांचे अवशेष सापडले, त्यानेच राजस्थानातील बैराटच्या लेखात भिक्खूंनी व उपासकांनी वारंवार ऐकावेत असे सात उपदेश नमूद केले. राहुलाला केलेला उपदेश त्यांतील एक. कृती करण्यापूर्वी, करीत असताना आणि केल्यानंतर तिचे परीक्षण कर, असे भगवंत त्या बालकाला सांगतात; आणि चूक घडली तर ती जाणत्यांपुढे उघड कर, असेही. कोयता हाती घेणाऱ्या मुलाला याहून नेमका पाठ आम्हांला ठाऊक नाही.

दुसरा आधार पवारणेचा. वर्षावासाच्या अखेरीस भिक्खू संघाला विनंती करतो की माझ्याविषयी जे पाहिले, ऐकले किंवा ज्याची शंका आली, ते मला सांगा. ही विनंती सर्वप्रथम ज्येष्ठ भिक्खू करतो. शिक्षकांनी व पालकांनी या क्रमाकडे लक्ष द्यावे. आधी मोठ्यांनी बोलावे, मग मुलांनी.

प्रत्येक निवासी शाळेने अवजारांच्या खोलीत एक वही टांगावी, असे आम्ही सुचवितो. टळलेला प्रसंग त्याच दिवशी तीत लिहावा: कोणते अवजार, कोठे, कितव्या तासाला. नाव लिहू नये आणि त्या नोंदीवरून कोणालाही शिक्षा होऊ नये. आश्विन पौर्णिमेला ती वही सर्वांसमक्ष वाचावी आणि ज्या अवजाराचा उल्लेख वारंवार आला असेल ते त्याच दिवशी दुरुस्तीला काढावे.